दुपारी ओ न देणारी

हिराताई,

परवा तुझा दहावा झाला. पिंड मांडून भटजी मागे सरले नाहीत तोच कावळा आला आणि खास आवतण मिळाल्यासारखा खायलाच बसला. नदीवर जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले. "बघा, कसलीच इच्छा मागं राहिली नाय माउलीची," असं तुझे धाकटे दीर, म्हणजे आमचे हे, म्हणाले आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी लावला नाही. मला राग आला होता. तुला इच्छा राहिली नव्हती? तुला? अगं, तुझ्या इच्छा ऐकवायला बसले असते तर कावळा कंटाळून उडून गेला असता. त्याला भूक लागली होती, एवढंच.

चारचौघांत मी तुला कायम "ताई, तुमी" म्हणत आले. थोरली जाऊ ना तू. धाकटीने थोरलीला एकेरीत बोलावलं असतं तर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण मागच्या पडवीत दोघीच असलो की तू मला "काय गो" आणि मी तुला "काय गो". इथे मी पडवीतल्यासारखंच बोलणार आहे. आता मला कोण अडवतंय?

तू गेल्यापासून घरात नुसती तुझी स्तुती चालली आहे आणि त्यातली निम्मी खोटी आहे. कोणाच्या मनात पाप नाही, मला कळतं. येणारी प्रत्येक बाई ओटीवर टेकते, पाणी पिते, उसासा टाकते आणि म्हणते, "हिरानं सगळं पोरांसाठी केलं. स्वतःसाठी काय नाय केलं बिचारीनं." मी आत चहा गाळत असते आणि गाळणी पातेल्यावर आपटते. बिचारी म्हणे! तोंडावर कोणी असं म्हटलं असतं तर तू तिला चहा न देता वाटेला लावलं असतंस. तू रानातून मोळ्या आणल्यास, चिखलात वाकून भात लावलंस, पोरांच्या तापात उशाशी बसलीस, हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल कोणी तुझे पाय धरले तर माझी हरकत नाही. पण स्वतःसाठी काही केलं नाहीस, हे मी ऐकून घेणार नाही. तुझ्या दुपारची साक्षीदार मी आहे, आणि दुसरं कोणी नाही.

त्या दुपारची सुरुवात नितीनच्या गृहपाठाने झाली. तुझा थोरला तेव्हा तिसरीत होता. शाळेतल्या बाईंनी चित्रकलेला भेंडीचे ठसे करून आणायला सांगितले होते. नितीन जेवून गोट्या खेळायला पळाला आणि त्याचा कागद घेऊन तू बसलीस, जशा सगळ्या आया बसतात. भेंडीचं देठाकडचं टोक कापलंस, ताटलीत रंग कालवलास, एक फूल उमटवलंस. मी शेजारी तांदूळ निवडत होते, माझी मुलगी झोळीत झोपली होती. एक फूल झालं, दोन झाली, ओळ झाली, कागद भरला. तू जुनं वर्तमानपत्र ओढलंस. तेही भरलं. मग तू पडवीच्या भिंतीकडे वळलीस, तेव्हा मात्र मी म्हटलं, "ताई, पुरे आता, रातच्याला भाजी काय करायची?"

"करू डाळ," तू म्हणालीस. "थांब गो जरा."

त्या रात्री सगळ्यांनी डाळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी नितीन रडत घरी आला, कारण बाईंनी कागदावर लाल शाईने लिहिलं होतं की पालकांनी मदत करू नये. तू तो कागद हातात घेऊन नीट बघितलास. "मदत कुठं केली?" तू म्हणालीस. "मी माझंच केलं."

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तुला रोज बघत होते, आणि बघावं तेव्हा तू कोणासाठी तरी काहीतरी करत असायचीस. वाढत असायचीस, धूत असायचीस, कोणाचं तरी शोधून देत असायचीस. त्या दुपारी पहिल्यांदा मी तुला कोणासाठीच काही न करताना बघितलं. तुझा चेहरा वेगळा दिसत होता. सुंदर दिसत होता म्हटलं तर तू मला हसशील, पण दिसत होता.

भेंडी दुसऱ्या दिवशी सुकायची, बटाटा काळा पडायचा. आठवडाभर तू त्या विचारात होतीस. मग नितीनच्या हवाई चपलेचा बंद तुटला, आणि ती चप्पल उकिरड्यावर टाकायला म्हणून तू गेलीस ती तशीच हातात घेऊन परत आलीस. ब्लेडने तळव्याचं रबर कापून पान केलंस, सरपणातल्या लाकडाच्या तुकड्यावर पंक्चरवाल्याकडच्या सोल्यूशनने चिकटवलंस आणि मांजरपाटावर दाबलंस. पान असं उठलं की आपण दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. तेव्हापासून या घरातली एकही चप्पल सुरक्षित राहिली नाही. पोरांच्या लहान झालेल्या गेल्या, शेजारच्यांच्या फाटक्या गेल्या. एका सकाळी भावजी, म्हणजे तुझे हे, कंपनीत शिफ्टला निघाले तर त्यांच्या चपलेचा एक पाय सापडेना. सारी ओटी शोधली त्यांनी. तू भाकरी थापत शांतपणे म्हणालीस, "कुत्र्यानं नेला असंल." तो पाय तुझ्या पत्र्याच्या डब्यात होता आणि त्याचा दोडका झाला होता, आडवा कापलेला, बियांसकट.

मला मेंदीच्या पुस्तकातल्या वेली यायच्या. मी मुरबाडची, दहावी झालेली, मला वाटायचं नक्षी म्हणजे वेल, मोर, कोयरी. तू म्हणायचीस, "वेल काय सगळेच काढतात गो. आपुन हंडे काढू." आणि तू खरंच हंडे काढलेस. नळावर रांगेत ठेवलेले हंडे वरून बघितले तर दिसतात तसे, गोलात गोल, मध्ये काळं तोंड. मग स्टोव्हचा बर्नर काढलास. लावणीला उपटलेल्या भाताच्या आवणाच्या जुड्या काढल्यास, डबक्यातली बेडकाची पिल्लं काढलीस. ज्याच्याकडे बघून कोणी नक्षी म्हणणार नाही, ते ते सगळं तू उचललंस. कपडे धुताना, पोरांना न्हाऊ घालताना तुझी नजर मध्येच कुठेतरी अडकायची, आणि मला कळायचं की आज दुपारी नवीन चप्पल कापली जाणार.

आधी आपले ठसे सरळ ओळीत पडायचे, शाळेतल्या कवायतीसारखे. तुला ते आवडायचं नाही, पण काय चुकतंय ते सांगताही यायचं नाही. मग पावसाच्या आधी घर शाकारायला काढलं. पुरुष वर चढले होते, आपण खालून कौलं देत होतो. तू हातात कौल घेऊन तशीच उभी राहिलीस. वरून तुझे दीर ओरडले, "वयनी, द्या की!" तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "बघ गो, कौलं एकाखाली एक नाय लावत. खालचं अर्धं सरकवून लावतात, म्हणून पानी गळत नाय. ठसा पन तसाच लावू." दुसऱ्या दिवशी आपण एक ओळ सोडून दुसरी अर्ध्यावर सरकवली, आणि कापड एकदम भरून आलं. कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते डोळ्याला कळेना. त्या दिवशी तू आनंदाने मला चापट मारली होतीस, पाठीवर, रंगाच्या हाताने. त्या पोलक्यावरचा पंजा शेवटपर्यंत गेला नाही.

पण तुझी खरी हिंमत ठशात नव्हती, दारात होती. दुपारची भांडी झाली की पडवीचं दार लोटायचं, ते नळाला पाणी येईपर्यंत उघडायचं नाही. आत आपण दोघी, खाटेवर गोधडी, तिच्यावर कापड. बाहेरून हाका यायच्याच. "हिरा! ये हिरा!" सासूबाईंचा आवाज अख्ख्या आळीला ऐकू जायचा. मी सवयीने उठायला बघायची आणि तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचीस.

"ही हाक चहाची हाय गो. मरनाची हाक मला कळंल."

चहाची हाक असायची, पावडर कुठे ठेवली त्याची असायची, तुझ्या धाकटीची, मनीषाची, "आई, हा मारतो" अशी असायची. तू ओ द्यायची नाहीस. नळाला पाणी आलं की दार उघडायचीस, हंडा उचलायचीस, आणि मग ज्याला जे पाहिजे ते हसत द्यायचीस. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत तुझ्याशी. तू म्हणालीस, बरं झालं, हाका कमी झाल्या.

शोभाचं लग्न ठरलं तेव्हा मात्र त्यांना तुझी गरज पडली. आपल्या नणंदेला मुरबाडकडचं स्थळ मिळालं होतं आणि रुखवत मांडायचं होतं. शोभाला सुईत दोरा ओवायचा कंटाळा. म्हणून सासूबाई पडवीत आल्या आणि म्हणाल्या, "ते तुमचं चपलांचं काय चालतं ना, त्यात एक चादर नि अभ्रे करा पोरीला." आपण हंडे काढायचं ठरवलं, निळे आणि तांबडे. आता नणंदेच्या सासरी जाणार म्हटल्यावर कापड कसं कडक दिसायला हवं. भाताच्या गावातल्या आपण बायका, आपल्याला कडक म्हटलं की एकच गोष्ट सुचते. आपण मांजरपाटाला भाताची दाट पेज दिली, वाळवलं, इस्त्री फिरवली. कापड पापडासारखं झालं. त्यावर ठसे असे सुरेख उठले की मला वाटलं, याच्या पुढे काही नाही.

मांडवात रुखवताभोवती बायकांची गर्दी झाली. चादरीपुढे चिठ्ठी लावलेली होती, वधूने स्वहस्ते केलेली म्हणून. शोभाने त्यातला एक ठसा हातातसुद्धा धरला नव्हता. मी तुला कोपराने ढोसलं. तू म्हणालीस, "राहू दे गो, लगीन तिचं हाय."

पहिल्या धुण्याला सगळं गेलं. रंग बसला होता पेजेवर, सुतात शिरलाच नव्हता. पेज सुटली आणि तिच्याबरोबर हंडे वाहून गेले. शोभाच्या सासूने निरोप धाडला की तुमच्याकडची चादर नुसती पाण्यात घातली तर कोरी झाली, असलं काय देता पोरीला. आणि शोभाबाईंनी लगेच सांगून टाकलं की मी नाही, ते हिरावयनीनं केलंय. कौतुक झालं तेव्हा नाव तिचं, रंग गेला तेव्हा नाव तुझं. माझ्या माहेरी मुरबाडात बातमी पोचली, माझ्या आईने मला विचारलं. सासूबाई तर पेटल्याच होत्या. "नाक कापलंस चारचौघांत. ते चपलांचे तुकडे आधी चुलीत घाल."

तू मान खाली घालून ऐकलंस. मला वाटलं, संपलं आता. दुसऱ्या दिवशी सकाळी तू पत्र्याचा डबा, रंगाच्या बाटल्या आणि स्पंजचा तुकडा पिशवीत भरलास आणि मला म्हणालीस, "चल, तुझ्या मुरबाडला." सासूबाईंना विचारलं नाहीस. माझी मुलगी कडेवर, तुझी पिशवी मांडीवर, अशा आपण शहापूरहून एसटीत बसलो. घरचं कोणी मागे येतंय का, म्हणून मी सारखी वळून बघत होते. तू खिडकीबाहेर बघत होतीस आणि मध्येच म्हणालीस, "हे खडीचे ढीग बघ, ओळीनं कसे दिसतात." मी तुझ्याकडे रागाने बघितलं होतं, आठवतं?

शोभाची सासू ओटीवरच बसली होती. पाणीही न विचारता म्हणाली, "आता काय न्यायला आलीस?"

"न्यायला नाय, द्यायला आली. चादर आणा."

तिने आणून पुढ्यात टाकली. तू त्यांच्याच विहिरीवर सोडा घालून, गरम पाण्यात ती चादर पुन्हा धुतलीस, पेजेचा कण ठेवला नाहीस. वाळल्यावर त्यांच्याच खाटेवर पसरलीस आणि ठसे काढलेस. आळीतल्या बाया जमल्या. मला लाजेने जमिनीत शिरावंसं वाटत होतं आणि तू एकेक हंडा अर्ध्यावर सरकवत पुढे चालली होतीस. शोभा दाराआड उभी होती. तू मान वर न करता तिच्या सासूला म्हणालीस, "वाळलं की उलटीकडनं इस्त्री मारा आनि चार दिवसांनी धुवा. रंग गेला तर मला बोलवा. पोरीला बोलू नका. तिला येतंच नाय हे."

ती बाई ओटीवरून उठून खाटेपाशी आली. मग खाली वाकून तिने विचारलं, "हे गोल गोल काय हाय?"

"हंडे. नळावरचे. वरनं बघितले तर."

तिने पुन्हा बघितलं. "आमच्या नळावर असे नसतात. माझा पिचकलेला हाय."

तू डब्यातून चपलेचा तुकडा काढलास, ब्लेड काढलंस आणि तिच्यासमोर पिचकलेला हंडा कापलास. लाकूड नव्हतं म्हणून आगपेटीवर चिकटवलास. "घ्या, तुमच्या हातानं मारा." ती आधी नको नको म्हणाली. मग पदर खोचला आणि कोपऱ्यात असा जोराने मारला की आगपेटीच चेपली. सगळ्या बाया हसल्या, तीही हसली. मग पाणी आलं, चहा आला, आणि निघताना शोभा तुझ्या गळ्यात पडून रडली.

परतीच्या एसटीत तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपलीस. तुझ्या नखांत निळा रंग होता. मला तेव्हा वाटलं की या घरात दिलं म्हणून मी माझ्या बापाला मनातल्या मनात खूप बोलले आहे, पण याच घरात तू होतीस, तेव्हा त्याचं फार काही चुकलं नाही. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तू म्हणाली असतीस, पुरे गो, पाणी आलं असंल.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते संपलेलं नाही आणि तू गेलीस म्हणून मी हार मानणार नाही.

गावात बचत गट आला. शहापूरला एक प्रशिक्षण झालं, आपण दोघी गेलो. तिथल्या मॅडमनी तुझे अभ्रे बघितले, छान म्हणाल्या आणि सल्ला दिला की याच्याऐवजी वारली काढा, मुंबईला खपतं. तू सरळ उभी राहून म्हणालीस, "ते ज्यांचं हाय ते काढतात की. मी कशाला काढू? माझे हंडे पायजे तर हंडे घ्या." तेवढ्यावर मी खूश होते. पण घरी येताना तू म्हणालीस की हंडेसुद्धा विकायचे नाहीत, आणि तिथून आपलं जुंपलं.

मी म्हटलं, विकलं तर घरात मान मिळेल, दुपारी कोणी हाक मारणार नाही. तू म्हणालीस, "उलट जास्ती मारतील. आज चार कर, उद्या दहा कर, झालं का, कधी होणार. मंग ती पन भाकरीच झाली गो. भाकरी मी सकाळपासून थापतेच हाय."

"झाली तर होऊ दे. तुझं नाव तरी होईल."

"नाव घेऊन काय करू? एवढी एक दुपार कोणाच्या उपेगाची नसली तर काय बिघडतं?"

मी विकलं. मुरबाड रस्त्यावरच्या फार्महाउसवाल्यांना पडदे दिले, उशा दिल्या. तू माझे ठसे कापून दिलेस, रंग मिसळून दिलास, पण तुझं एक फडकंही विकू दिलं नाहीस. आणि झालं काय? तुझ्या चादरी अंगावर घेतल्या, फाटल्या, गोधडीच्या आत गेल्या. तुझे अभ्रे फरशी पुसायला निघाले. तुझा बर्नर मी माझ्या डोळ्यांनी मोरीच्या तोंडाशी बोळा होऊन पडलेला बघितला आणि तुला सांगितलं तर म्हणालीस, "कापड हाय, वापरायचं." तू म्हणत होतीस तसंच माझं झालं, माझ्या ऑर्डरी म्हणजे भाकरीच झाल्या, हे मी कबूल करते. तरी मी म्हणते, माझंच बरोबर होतं. विकलं असतंस तर आज कोणाच्या तरी घरात तुझा एक पडदा लटकत असता. आज दाखवायला माझ्याकडे काही नाही, म्हणून तर ओटीवर बसून बाया "स्वतःसाठी काय नाय केलं" म्हणतात आणि सगळे माना डोलावतात. बोल ना आता. नेहमी तूच शेवटचं बोलायचीस.

काल दुपारी नितीन आला. तेराव्याला नाक्यावर लावायच्या फ्लेक्सचा नमुना छापून आणला होता, मला दाखवायला. चांगला मुलगा आहे गो, तुझ्या दुखण्यात त्याने काही कमी केलं नाही. नमुन्यावर वर मोठ्या अक्षरांत "त्यागमूर्ती मातोश्री" आणि खाली तुझा फोटो. चेहरा तुझाच होता. पण अंगावर जरीची जांभळी साडी, खांद्यावर पिन लावलेला पदर. अशी साडी तू जन्मात नेसली नाहीस.

"ही कुठली साडी?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरवर घातली, काकी. फोटोवाला बोलला, पयली बरी नाय दिसत, नुसते ठिपके येतात."

मूळ फोटो शोभाच्या मुलीच्या बारशातला. त्यात तू तुझी स्वतःची साडी नेसली होतीस, एक अख्खा वैशाख खपून छापलेली. मी म्हटलं, "ठिपके नाहीत ते. बेडकाची पिल्लं आहेत. आणि त्यागमूर्ती कशाला लिहिलंय?"

"मंग काय लिहू? सगळं आमच्यासाठीच केलं ना तिनं."

"सगळं नाही."

त्याने नमुना मांडीवर पालथा ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "काकी, एक सांगू? शाळेतनं दुपारचा आलो ना, की मी हाक मारायचो. आई ओ द्यायची नाय. मी दाराला कान लावून बसायचो. आत तुमी दोघी हसायच्या, ठक ठक आवाज यायचा. मला वाटायचं, आत असं काय हाय जे माझ्यापेक्षा..." मिशा आलेला, एका पोराचा बाप झालेला माणूस, आणि तोंड तिसरीतल्या नितीनचं. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. तरी मी मागे हटले नाही. तू हटली नसतीस.

"नाही द्यायची ओ," मी म्हटलं. "पण दार उघडल्यावर कशी असायची?"

त्याने आठवून बघितलं. "खूश असायची."

"खूश आई गावात किती पोरांनी बघितली रे? तू रोज बघितलीस. ती कुठून आली असं वाटतं तुला?"

तो कागदाची घडी घालत राहिला. मग त्याने तो प्रश्न विचारला, ज्याची मला तू गेल्यापासून धास्ती होती. "शेवटी काय बोलली ती? तुमी एकट्याच होताव तिच्यापाशी. लोक विचारतात. मी सांगतो की माझं आनि मनीषाचं नाव घेतलं."

इतके दिवस मी हो ला हो करत आले होते. काल मला ते जमलं नाही. मी त्याला सांगितलं.

दवाखान्यात त्या वेळी तो औषध आणायला खाली गेला होता, मनीषा डबा आणायला गेली होती. तू डोळे उघडलेस आणि दोन खाटांमध्ये लावलेल्या पडद्याकडे बघत राहिलीस. हिरवा पडदा, त्याच्यावर पानं छापलेली, सगळी एकाच दिशेला वळलेली. तुझी बोटं चादरीवर हलत होती. मी वाकून विचारलं, काय पाहिजे गो? पाणी? नितीनला बोलवू? तू मान हलवलीस, नको म्हणून. मग अगदी हळू, पण एकेक शब्द कळेल असं म्हणालीस, "एक सोडून एक पान उलटं लावायला पायजे होतं. सगळी एकीकडंच पळतात." मी म्हटलं, हो गो. तू पुन्हा पडद्याकडे बघितलंस. त्यानंतर तू काही बोलली नाहीस.

नितीन ऐकत होता. "माझं नाव?"

"नाही घेतलं."

"मनीषाचं?"

"कोणाचंच नाही."

तो उठला. उंबऱ्याशी थांबला, माझ्याकडे पाठ करूनच त्याने विचारलं, "कसली पानं होती?"

"आंब्याची वाटत होती," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि गेला. नमुन्याचा कागद तो घेऊन गेला आहे. उद्या नाक्यावर काय लागेल, मला माहीत नाही.

लावू दे त्याला जे लावायचं ते. आई त्याची गेली आहे, त्याच्या दुःखावर मी काय जबरदस्ती करू? पण तेराव्याच्या पंगतीत वाढायला मीच आहे. एखादी बाई पानावर बसून म्हणालीच, शेवटी पोरांचीच नावं घेतली असतील गो हिरानं, तर मी भाताचं पातेलं खाली ठेवेन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन. नाही घेतली. कोणाचंच नाव घेतलं नाही तिने. ती कामात होती.